उन्हावर घेतलेला आळ

आम्हां सोलापूरकरांना ऊन नवे नाही. पारा चाळिशीपार गेला, की डोळ्यांपुढची अंधारी आम्ही बिनदिक्कत 'उष्णते'च्या खाती मांडतो आणि डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवतो. एका दुखण्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो.

१८२२ च्या डिसेंबरात, स्कॉटलंडच्या कडाक्याच्या थंडीत, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डेस्टे याची दृष्टी अंधुक झाली. औषधावाचून ती परतलीही. पुढे वर्षांमागून वर्षे पाय निकामी होत गेले आणि १८४८ साली तो वारला. मागे रोजनिशी राहिली. या विकाराची, मल्टिपल स्क्लेरोसिसची, ती बहुधा सर्वांत जुनी हकीकत. रोगाला स्पष्ट रूप दिले ते पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी, १८६८ मध्ये.

सुतावर जशी खळ, तसे मज्जातंतूवर वेष्टन असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडू लागते. डोळ्याच्या नसेला सूज येते, डोळा हलवताना दुखतो, रंग फिके दिसतात. १८९० मध्ये जर्मनीच्या डॉ. उथॉफ यांना दिसले, की श्रमाने अशा रोग्यांची दृष्टी घटकाभर मंदावते. अंग तापले, की उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश नीट जात नाही. निवले, की पुन्हा दिसते.

म्हणजे ऊन हे दुखणे आणीत नाही, असलेले उघडे पाडते! प्रत्येक अंधारी म्हणजे हा रोग नव्हे, हे खरेच. पण वाचकहो, गेलेली नजर परतली, तरी डॉक्टरांची पायरी चुकवू नका.