स्तंभावरची इंग्रजी बाजू



भीमा कोरेगावचा स्तंभ शिरूर-दौंडच्या पोरांना नवा नाही. त्यावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मजकूर कोरलेला आहे. आपण मराठी बाजू वाचतो आणि इंग्रजी बाजूसमोर फोटो काढून पुढे सरकतो. आमच्या अभ्यासवर्गातही तेच होतं. इंग्रजी पेपरात चांगले मार्क घेणारा पोरगा उभा करून दोन वाक्यं बोलायला सांगितली की खाली बघतो. "सर, चुकलं तर हसतील," हे त्याचं उत्तर.

ही भीती त्याच्या रक्तात आहे का? इतिहास काय सांगतो ते बघा.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून जी तुकडी निघाली, तिच्यात महार शिपाई होते. पुढे कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. अशाच लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ मुख्याध्यापक होते. (इंग्रजांचे फार उपकार मानायला नकोत. याच सरकारने १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली.) रामजींनी धाकट्या भीमाला इंग्रजी शिकवलं ते कुठल्या क्लासमध्ये घालून नाही. हॉवर्डची पुस्तकं पाठ करून घेतली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे घरात बसून घोटून घेतलं. म्हणजे बाबासाहेबांचं इंग्रजी मराठीच्या खांद्यावर उभं राहिलं. मराठी माध्यमाची लाज वाटणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. जातीमुळे ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली. घरातलं इंग्रजी मात्र कुणाला अडवता आलं नाही. १९०७ ला मॅट्रिक, ९ मे १९१६ ला कोलंबियात जातिसंस्थेवरचा निबंध, १९१९ ला साउथबरो कमिटीपुढे साक्ष आणि १९३० ला लंडनची गोलमेज परिषद. त्याआधी जोतिरावांनीही तेच केलं होतं. १८७३ च्या 'गुलामगिरी'ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली, १८८२ ला हंटर कमिशनपुढे इंग्रजीत निवेदन दिलं. यातलं एकही इंग्रजी ऐट मिरवायला नव्हतं. सांगायचं काहीतरी होतं आणि ऐकणारा इंग्रज होता, म्हणून ते बोलले.

आमच्या वर्गात आम्ही आता असंच करतो. बाबासाहेबांचा एक परिच्छेद आधी मोठ्याने वाचायचा, मराठीत आणायचा, पुस्तक मिटून पुन्हा इंग्रजीत न्यायचा. मग दोघादोघांनी त्यावर बोलायचं, आणि बोलणं संपेपर्यंत कुणी व्याकरण काढायचं नाही. अडलं तिथे मराठी शब्द घालून पुढे जायचं. पहिल्या आठवड्यात कुणी तोंड उघडेना. तिसऱ्या आठवड्यात दौंडच्या एका मुलीने राखीव जागांवर मोडक्या इंग्रजीत इतका वाद घातला, की हसायचं कुणाला सुचलंच नाही.

येत्या १ जानेवारीला तीच मुलगी स्तंभाची इंग्रजी बाजू सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.