मल्लखांबाशेजारचा हात : माळव्यातील व्यायामशाळा आणि तरुणांची जडणघडण



शाळेने आयोजित केलेल्या स्मृतिव्याख्यानात खेळ हा विषय घ्यावा, याचे कित्येकांना आश्चर्य वाटेल. ज्ञान वर्गात मिळते आणि मैदान हा विरंगुळा, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु माणूस कोठे घडतो, याचा शोध इतिहासात घेऊ लागले की वर्गाइतकीच मैदानाची आणि तालमीची दखल घ्यावी लागते. हा शोध मी आज एकाच खेळाच्या आधाराने घेणार आहे. तो खेळ म्हणजे मल्लखांब. देवास, उज्जैन, धार आणि इंदूर या परिसराशी त्याचे नाते जुने आहे आणि टोंकखुर्दसारख्या तहसिलीच्या गावाने त्यातून आज काय घ्यावे, हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ इतिहासाचा नाही.

मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. मध्यंतरीच्या काळात ही विद्या मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिला नवे रूप दिले ते दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी. निजामाच्या राज्यातून पुण्यास आलेल्या मल्लांचे आव्हान स्वीकारताना त्यांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर साधना केली आणि झाडावरील वानरांच्या हालचालींवरून ही विद्या सिद्ध केली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतील दंतकथेचा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव गंगेकाठी ब्रह्मावर्तास गेले. ज्या दरबाराच्या आश्रयाने ही विद्या वाढली, तो दरबारच राहिला नाही. तरीही विद्या टिकली, कारण ती शिष्यांच्या अंगात उतरलेली होती. गुरूने जे कमावले ते शिष्याने दुसऱ्या गावी नेले आणि तेथे नवी तालीम उभी राहिली. काशीचा आखाडा याच परंपरेतला.

पुढील शतकात या परंपरेला संस्थेचे रूप आले. बडोद्यास जुम्मादादांच्या तालमीचा वारसा त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी चालविला आणि एकेकट्याच्या व्यायामाला सांघिक कवायतीची जोड दिली. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली. मुंबईत शिवाजी पार्कच्या मैदानावर आज जे श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, ते पु. ल. काळे गुरुजींनी १९२५ मध्ये स्थापन केले. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, तेव्हा या सर्व विद्यांना मराठीत ग्रंथरूप लाभले. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या राज्यांमुळे माळव्यात जी मराठी वस्ती झाली, तिच्याबरोबर मराठी शाळा आणि गणेशोत्सव जसे आले, तशा व्यायामशाळाही रुजल्या. मात्र त्या मराठी माणसांपुरत्या राहिल्या नाहीत. माळवी बोलणारी मुलेही त्याच खांबावर चढली.

या व्यायामशाळेत शिकवण्याची रीत कशी होती, ते आता पाहू. साग किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब जमिनीत पुरलेला असतो. खाली तो जाड, वर निमुळता होत गेलेला, त्यावर मान आणि मानेवर बोंड. त्याला एरंडेल चोळतात. नवा मुलगा प्रथम साधी अढी शिकतो. हाताने व पायाने खांब कसा धरावा, अंग कसे उलटे न्यावे, हे त्याला पुन्हा पुन्हा करावे लागते. त्यानंतर बगली, दसरंग, फिरकी, वेल, आसने, फरारे अशा पायऱ्या येतात आणि अखेरीस अनेकांनी मिळून रचलेले मनोरे. पहिल्या दिवशी खांबाला हात लावणाऱ्या मुलाला भीती वाटतेच. त्या वेळी खांबाशेजारी कोणीतरी उभे असते. बहुधा तो मुख्य गुरू नसतो. दोन वर्षे आधी आलेला, वयाने थोडा मोठा असा तो मुलगा असतो. त्याची नजर वर असते आणि हात तयार असतात. खालच्या मुलाने उडी चुकवली तर त्याला सावरणे हे त्याचे काम.

माझ्या मते या परंपरेचे सारे मर्म या हातात आहे. खांबावर चढणाऱ्याला बळ मिळते, हे खरेच. पण खांबाशेजारी उभ्या राहणाऱ्याला त्याहून मोठे काही मिळते. पंधरा वर्षांच्या मुलावर दहा वर्षांच्या मुलाची हाडे सोपविली जातात, तेव्हा त्याला जबाबदारीवर प्रवचन देण्याची गरज उरत नाही. मनोऱ्यात तर हे आणखी स्पष्ट होते. टाळ्या वरच्या मुलाला मिळतात, भार खालचे पेलतात, आणि खालचा डळमळला तर वरचा पडतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

याच माळव्यात क्रीडाविकासाचा दुसरा मार्गही चोखाळला गेला आणि त्याचे वैभव मोठे होते. होळकरांच्या निमंत्रणावरून १९२३ मध्ये कर्नल सी. के. नायडू इंदूरला आले. पुढे यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने होळकर संघ उभा राहिला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड यांच्यासारखे खेळाडू त्यात होते. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा या संघाने रणजी करंडक जिंकला. परंतु १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५५ च्या सुमारास होळकर संघाचे नावही स्पर्धेतून गेले. त्यानंतर या प्रदेशाच्या संघाने रणजी करंडक उचलला तो जून २०२२ मध्ये, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या काळात, मुंबईला हरवून. मधली जवळजवळ सत्तर वर्षे इंदूरचे क्रिकेट जिवंत राहिले ते राजाश्रयावर नव्हे. मैदानावर संध्याकाळी उभे राहून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसांनी ते जगवले. होळकर संघातील माधवसिंह जगदाळे यांचे पुत्र संजय जगदाळे त्यांच्यापैकी एक. गोरखपूरहून आलेला नरेंद्र हिरवाणी त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला आपल्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे १६ बळी घेऊन गेला. राजाश्रय संघ उभा करू शकतो. परंपरा मात्र शिकवणाऱ्यांच्या साखळीनेच पुढे जाते, असे हा इतिहास सांगतो.

मल्लखांबाच्या बाबतीत या साखळीचे महत्त्वाचे केंद्र उज्जैन ठरले. पहिली राष्ट्रीय मल्लखांब स्पर्धा जानेवारी १९८१ मध्ये उज्जैनला झाली. मध्य प्रदेश शासनाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये मध्य प्रदेशात भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील मल्लखांब उज्जैनलाच झाला. इकडे मुंबईत फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. तिच्यामागे ज्यांचे अनेक वर्षांचे श्रम होते, त्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. या सन्मानांचा आनंद आहेच. परंतु शासनाची मान्यता येण्यापूर्वी कितीतरी पिढ्या रोज सायंकाळी कोणीतरी तालमीचे दार उघडत होते, याचे विस्मरण होऊ नये.

या परंपरेचा गौरव करताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालणे योग्य नव्हे. दीर्घकाळ तालीम ही पुरुषांचीच होती आणि जातीची बंधने तेथेही दाराशी उभी असत. मुलींसाठी दार उघडले ते पुष्कळ उशिरा, आणि त्यात दोरीच्या मल्लखांबाचा वाटा मोठा. पूर्वी वेताचा मल्लखांब असे. चांगला वेत मिळेनासा झाला, तेव्हा सुती दोर आला आणि त्या दोरावर मुलींनी आपले स्वतंत्र कौशल्य सिद्ध केले. हिमानी परब या मुंबईच्या खेळाडूला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तो या प्रवासाचाच एक टप्पा. ज्यांना पूर्वी दाराबाहेर ठेवले, त्यांना आत घेतल्यावर खेळ दुबळा झाला नाही, उलट वाढला, एवढा धडा यातून स्पष्टपणे मिळतो.

गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतही तरुणांच्या विकासाविषयी नवा विचार मांडला गेला आहे. पूर्वी तरुणांकडे पाहताना व्यसन, गुन्हा, नापास होणे, अशा दोषांचीच मोजदाद होई. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लर्नर आदींनी प्रश्न उलटा विचारला. तरुणात काय वाढले पाहिजे? सक्षमता, आत्मविश्वास, इतरांशी जिव्हाळ्याचे नाते, चारित्र्य आणि दुसऱ्याविषयी कळवळा, हे पाच गुण त्यांनी पुढे ठेवले, आणि हे गुण दृढ झाले की तरुण समाजाला आपणहून काही देऊ लागतो, असे म्हटले. या विचारवंतांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे. खेळाने चारित्र्य आपोआप घडत नाही. मुलाला घालून पाडून बोलणारा आणि केवळ पदकासाठी राबवणारा प्रशिक्षक असेल, तर तोच खेळ मुलाला मोडतोही. खांबाशेजारचा हात सावरणारा आहे की ढकलणारा, यावर सारे अवलंबून आहे.

आता टोंकखुर्दकडे येतो. १९९० च्या सुमारास देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण येथील वडीलधाऱ्यांना असेल. त्यानंतर २००६ पासून या जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली आणि टोंकखुर्द तहसिलीतील टोंककलां, धतूरिया यांसारख्या गावांनी त्यात पुढाकार घेतला. शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा दिला आणि गावाचे पाणी गावात अडवले. तरुणांच्या बाबतीत मात्र अजून आपले पाणी वाहूनच जात आहे. अंगात चपळाई असलेले मूल दिसले की त्याला उज्जैनला किंवा इंदूरला धाडावे, असे आपण म्हणतो. एखाददुसरा जातो. उरलेल्यांची सायंकाळ चौकात जाते.

गावात सर्वांना पुरेल असे काही उभे करायला स्टेडियम लागत नाही. एक खांब, एक दोर, अंथरायला गाद्या, मुला-मुलींसाठी ठरलेली वेळ, प्रशिक्षण घेतलेला एक जबाबदार माणूस आणि त्याच्याभोवती दोन-चार वर्षे जुने विद्यार्थी, एवढे पुरे. या शाळेचे माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या शहरांत आहेत. देणगी ते देतीलच, परंतु माझी त्यांना विनंती वेगळी आहे. जे गावात राहतात त्यांनी आठवड्यातील दोन सायंकाळी द्याव्यात, आणि जे सुटीत येतात त्यांनी त्या दिवसांत तरी खांबाशेजारी उभे राहावे. कोणत्या मुलाला पदक मिळाले, याची नोंद वर्तमानपत्रे ठेवतील. शाळेने मात्र आपल्या वहीत दुसरीच नोंद ठेवावी : यंदा किती मोठ्या मुलांनी लहानांना शिकवले.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्या शिक्षकांच्या पिढीला हे काम नवे नव्हते. ते त्यांनी गाजावाजा न करता केले. आपण ते पुढे न्यावे, एवढीच इच्छा व्यक्त करतो.