पिठोरी, पोळा आणि मातृदिन

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या आसपास, हिंगोलीच्या औंढा नागनाथ तालुक्यातल्या गावांत श्रावणी अमावास्या म्हटले की पोळाच डोळ्यांपुढे येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून मारुतीपुढे न्यायचे, घरी आणून पुरणपोळी चारायची. हीच तिथी पंचांगात पिठोरी अमावास्या आहे, आणि दिनदर्शिकेच्या त्याच चौकटीत आता ‘मातृदिन’ही छापलेला असतो. हा आपला मूळचा मातृदिन आणि मे महिन्यातला परका, असे अभिमानाने सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते. पिठोरी आपली आहे यात शंका नाही. पण तिचा उगम आईविषयीच्या कृतज्ञतेत नसून मूल दगावण्याच्या भीतीत आहे.

पुरावा व्रताच्या कहाणीतच आहे. एका ब्राह्मणाच्या घरी दर श्रावणी अमावास्येला श्राद्ध असते आणि नेमकी त्याच दिवशी सून बाळंत होऊन मूल जाते. सुतकामुळे ब्राह्मण उपाशी परततात. सातव्या वर्षी सासरा चिडतो, मेलेले मूल तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात हाकलून देतो. दुःख तिचे, दोषही तिचाच. रानात झोटिंग नावाच्या भुताची बायको तिला वाट दाखवते. ती बेलाच्या झाडावर लपून बसते. खाली शिवलिंगाच्या पूजेला नागकन्या, देवकन्या आणि योगिनी जमतात, नैवेद्य दाखवून अतिथी कोण म्हणून विचारतात. ही खाली उतरून ‘मी आहे’ म्हणते आणि तिची सारी मुले तिला जिवंत परत मिळतात. व्रताचा विधी याच प्रसंगावर बेतलेला आहे. दिवसभर उपास केलेली आई चौसष्ट योगिनींची पूजा करते, खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरून, मागे न पाहता ‘अतिथी कोण?’ विचारते, आणि मूल ‘मी आहे’ म्हणत ते मागून उचलते. यात मुलाने आईचे आभार मानण्याची जागाच नाही. आई विचारते ते एवढेच, की तू आहेस ना? पावसाळ्यात गढूळ पाणी आणि हगवणीने लेकरे जात, म्हणून कहाणीने श्रावणाचीच अखेर धरली असावी, असा माझा तर्क आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर पाच मुलांतले सुमारे एक वर्षाच्या आत जाई. ती भीती कल्पनेतली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, पिठोरी ठरावीक घरांचे व्रत. शेतकऱ्याच्या घरी तर पोळाच. आक्षेप खरा आहे. पण लेकरांची धास्ती जातीपुरती नव्हती. पाचवीची सटवाई, पाण्याकाठच्या साती आसरा ही बहुजनांची दैवते त्याच भीतीतून पुजली गेली. पोळ्याच्या दिवशी एक गोष्ट मात्र खुपते. बैलाच्या खांद्यावरचे जू त्या दिवशी उतरते. निंदणी-खुरपणीत बैलाइतकीच राबलेली बाई मात्र पहाटेपासून पुरण वाटत असते.

दुसरा आक्षेप, की मग मे महिन्यातला दिवस तरी कृतज्ञतेचा म्हणावा ना? त्याच्याही मुळाशी मेलेली लेकरे आहेत. आजच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या ॲन रीव्ह्ज जार्व्हिस यांची बहुतेक मुले लहानपणीच गेली. 1858 मध्ये त्यांनी आयांची मंडळे काढली. ती घराघरांतली स्वच्छता, औषधे आणि दुधाची शुद्धता पाहत. 1905 मध्ये त्या वारल्या. त्यांची मुलगी ॲना हिने 10 मे 1908 रोजी ग्राफ्टनच्या चर्चमध्ये आईच्या स्मरणार्थ प्रार्थना करवली आणि 1914 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. आईने उभारलेले काम मुलीच्या हातून आईच्या गौरवाचा दिवस झाले. पुढे त्याचा बाजार झालेला पाहून ॲना स्वतःच त्याविरुद्ध झगडत राहिली.

आपल्याकडे कृतज्ञतेची वाट साहित्यातून आली, असे मला वाटते. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले, त्यात बोलतो तो मुलगा, आणि आई आठवणीत असते. पिठोरीत बोलते ती आई, आणि लेकरू समोर हवे असते. मुले जगतील याची खात्री वाढत गेली तसा मान आठवणीतल्या आईकडे वळला. तो वळू नये असे कोण म्हणेल? पण कृतज्ञतेच्या नावाखाली मूळची काळजी विसरली जाते, हे मला सलते. हिंगोलीच्या खेड्यापाड्यांत ती काळजी आज अंगणवाडी सेविका आणि आशाताई वाहतात. बाळाचे वजन, लसीकरण, गरोदर बाईची नोंद, म्हणजे जार्व्हिसबाईंच्या मंडळांचेच काम. मातृदिनाला मान द्यायचाच तर तो आधी या बायांना द्यावा, आणि त्यांच्या कामाला मानधनाऐवजी रीतसर पगार मिळावा.