घोडा, पोढी आणि चार्जर

विजेची मोटार घ्यावी का, ही चर्चा जुन्नर-आंबेगावात निघाली की बहुधा तीन आकड्यांभोवती फिरते: गाडीची किंमत किती, एका चार्जिंगमध्ये ती धावते किती आणि बॅटरी टिकते किती वर्षे. तिन्ही आकडे गाडीचे आहेत. या दोन तालुक्यांचा इतिहास मात्र वेगळ्या बाजूला बोट दाखवतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्याला चिकटलेल्या या मुलखात लदनीचा बैल असो, अरबी घोडा असो की एसटी, वाहन उपयोगी पडले ते वाटेवरच्या तजविजीमुळे. पाणी, चारा, नालबंद, मुक्कामाची जागा, हे सगळे कोणीतरी उभे करावे लागले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालू ठेवावे लागले. विजेच्या गाडीची अडचण नवी वाटते, पण ती याच जुन्या हिशेबातली आहे. सोय कोणी बांधायची हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. ती नादुरुस्त झाल्यावर कोणाच्या दाराशी जायचे, हा खरा प्रश्न आहे.

पुरावा नाणेघाटापासूनच मिळतो. कल्याणच्या बंदरातून निघालेला माल घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची त्यात यादीच आहे. पर्यटक तो लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहून परततात. पण वाहनांच्या इतिहासासाठी त्याच घाटातला दुसरा, अगदी छोटा लेख अधिक मोलाचा आहे. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने इथे एक पोढी, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, दान दिल्याची ती नोंद आहे. सोपारा म्हणजे आजचे वसईजवळचे नालासोपारा. समुद्रकाठच्या माणसाला सह्याद्रीच्या माथ्यावर टाके खोदून घ्यावेसे वाटले, यामागे पुण्याची इच्छा असणारच. पण जागेची निवड काही आंधळी नाही. कोकणातून चढून आलेले जनावर जिथे दमून उभे राहते, नेमके तिथे पाणी आहे. पावसाळ्यात धो धो कोसळणारा हा घाटमाथा मार्चनंतर कोरडा पडतो, म्हणून ओढ्यावर विसंबून चालत नाही. कातळाच्या पोटात साठवलेले पाणीच उन्हाळ्यात तांड्याला पुढे नेते.

जुन्नरभोवतीच्या दोनशेहून अधिक लेण्यांत अशा पोढींची नोंद पुन्हा पुन्हा येते, आणि देणारे एका जातकुळीचे नाहीत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात पोढी आणि मंडप करवला. त्या लेखात ४६ हे वर्ष कोरलेले आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. परदेशी, सरकारी अधिकारी आणि व्यापाऱ्यांची संघटना असे तिघे एकाच कामाला लागलेले दिसतात. यावर एक रास्त आक्षेप घेता येईल: ही टाकी बहुतांशी बौद्ध भिक्षूंसाठी होती, वाटसरूंच्या बैलांसाठी नव्हती. लेण्याद्री किंवा मानमोडीच्या बाबतीत हे खरे आहे. नाणेघाटाचे टाके मात्र विहारात नाही, वाटेवर आहे. आणि या लेखांचे खरे महत्त्व पाणी कोण प्यायले यात नाही, व्यवस्था कशी लावली यात आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसा गुंतवून त्याच्या मासिक उत्पन्नातून खर्च भागवायचा, करंज आणि वड लावण्यासाठी शेतजमिनीचे उत्पन्न श्रेणीच्या हवाली करायचे, असे व्यवहार इथल्या शिलालेखांत आहेत. दाता मरणार, अधिकारी बदलणार, राजवट उलटणार, हे गृहीत धरून काम गावात टिकून राहणाऱ्या धंद्याच्या संघटनेकडे दिलेले आहे. देखभालीचा विचार दगडात कोरून ठेवण्याइतका गंभीरपणे केलेला आहे.

वाहन महाग आणि तजवीज परक्याच्या हाती, अशा वेळी काय होते याचा दाखला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळतो. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून समुद्रमार्गे एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला आला. घोडा इथपर्यंत आणायला शंभर रुबल पडले, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा बहमनी राजवट होती आणि दख्खनेत चांगल्या घोड्याला सोन्याचा भाव होता. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले. एका खोरासानी खोज्याच्या मध्यस्थीने तो सुटला. पण दांडगाईच्या या गोष्टीपेक्षा निकितीनचे इतर तपशील आपल्या विषयाला जवळचे आहेत. इथे घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, हे त्याने मुद्दाम नोंदवले. पावसाळ्यात सगळीकडे पाणी आणि चिखल असल्यामुळे त्याला दोन महिने जुन्नरलाच मुक्काम ठोकावा लागला. घोडा जागचा हलत नसला तरी त्याला रोज खायला लागतेच, हे इथे ध्यानात घ्यावे. म्हणजे खरेदीची किंमत ही सुरुवात होती. त्यापुढचा खर्च मुलूख, ऋतू आणि अधिकारी ठरवत होते.

मराठेशाहीने हा धडा व्यवस्थेत उतरवला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला तेव्हा रोख रकमेबरोबर सुमारे दोनशे घोडे हाती लागले. घोडा मिळवणे ही एक गोष्ट झाली. तो पोसणे ही दुसरी. फौजेत दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. त्याची खाण्यापिण्याची, दुखण्याखुपण्याची जोखीमही त्याची. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. ही नेमणूक बारकाईने पाहण्यासारखी आहे. पंचवीस घोड्यांना पाणी पुरवणारा एक आणि नाल ठोकणारा एक, हे प्रमाण कोणीतरी अनुभवातून काढले आहे. घोडा पागेचा म्हणून त्याच्यामागची माणसेही पागेची. आज विजेची गाडी घेणारा खाजगी माणूस या अर्थाने शिलेदार आहे: गाडी त्याची, पखाल त्यानेच शोधायची, नालबंदही त्यानेच.

एसटीने पागेचा मार्ग धरला. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान तिची पहिली बस धावली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर पहिली विजेची बस सुरू झाली. तिचे नाव शिवाई. शिवनेरीवरच्या देवीचेच ते नाव. अशा बसबरोबर चार्जिंगची सोय महामंडळालाच उभी करावी लागते आणि तिचा मार्ग, वेळ, थांबा सगळे आधीच ठरलेले असते, म्हणून ती बिनघोर धावू शकते. खाजगी मोटारीचे तसे नाही. २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत तीस युनिटांची बॅटरी होती. कंपनीचा दावा ३१२ किलोमीटरचा होता. प्रत्यक्ष रस्त्यावर आकडा त्याहून बराच खाली येतो. माळशेजसारख्या घाटात दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर चढवायला केवळ उंचीपोटी सुमारे अडीच युनिटे जास्तीची लागतात; वाया जाणारी वीज धरली तर तीन. म्हणजे एक घाट चढला की बॅटरीचा दहावा हिस्सा संपला. उतरताना यातला बराच भाग ब्रेकच्या वाटे बॅटरीत परत येतो. बैलाला आणि डिझेलच्या टेम्पोला ही सवलत कधीच नव्हती. घाट हा विजेच्या गाडीचा शत्रू आहे ही समजूत त्यामुळे अर्धीच खरी. पावसाची भीतीही अशीच. बॅटरी पाण्यापासून बंदिस्त असते. माळशेज पावसाळ्यात अडतो तो दरडींमुळे, आणि दरडीपुढे सगळी इंधने सारखीच.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. बहुतेक मालक गाडी घरीच चार्ज करतात. नारायणगावहून मंचरला जाऊन येणाऱ्याला वाटेवरच्या चार्जरशी काय देणेघेणे? शहरातल्या बंगल्यापुरते हे बरोबर आहे. जुन्नर-आंबेगावात मात्र पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात राहतात. गावठाणाचा फिडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीच्या फिडरवर थ्री फेज वीज ठरलेल्या तासांपुरती येते, आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. उरलेल्या वेळी मिळाली तर सिंगल फेज. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर साधारण सव्वातीन किलोवॉटने वर सांगितलेली बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. डीपीपासून लांबच्या खांबावर शेवटचे घर असेल आणि शेजारच्या विहिरींवरच्या मोटारी चालू असतील, तर तिथे पोचणारा दाब इतका पडतो की चार्जर मधेच बंद होतो. डीपी जळाली तर नवी येईपर्यंत सगळेच बंद. बिबट्याच्या भीतीने रात्री उसाला पाणी द्यायला जाणे जिवावर येते, म्हणून दिवसा वीज द्या ही या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची मागणी विजेच्या मोटारीपेक्षा जुनी आहे. घरचे चार्जिंग म्हणजे वाटेवरच्या सोयीतून सुटका, असे इथे म्हणता येत नाही. इथे मळ्यापर्यंत आलेली तारच वाटेचा भाग आहे.

दुसरा आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो: गाड्या वाढल्या की चार्जर आपोआप येतील, पेट्रोल पंप नाही का आले? चार्जिंग स्टेशन काढायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आणि महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला सोय असावी, असा दंडकही घातला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातही तेच अंतर आहे. लदनीच्या तांड्याच्या साधारण दीड-दोन दिवसांच्या मजलीएवढे हे अंतर आहे. पुणे-नाशिक महामार्गावर बाजार हे काम करील, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण बाजार रहदारीमागे जातो. घाटघर, आहुपे, डिंभे धरणाच्या काठची गावे, भीमाशंकरचा रस्ता इथे गाड्या येतात त्या शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात. जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून २०१८ मध्ये जाहीर झाला, तरी आठवड्यातले पाच दिवस मोकळे पडणारे यंत्र कोणताही धंदेवाईक फार काळ दुरुस्त ठेवणार नाही. हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे की प्राचीन दातेदेखील मुख्य मार्गालाच धरून होते. आडवाटांवर पोढींचे दानलेख शोधूनही सापडायचे नाहीत. फरक एवढाच की मुख्य मार्गावरची सोयसुद्धा त्यांनी केवळ नफ्यावर सोडली नाही. ती चालवायला स्थानिक संघटना गाठली आणि तिच्या हाती उत्पन्नाचे साधन दिले.

आजची श्रेणी कोणती, याचे उत्तर या तालुक्यांत शोधावे लागत नाही. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत; दोघेही उसाच्या बगॅसपासून वीज तयार करतात. बाजार समित्यांच्या आवारात टोमॅटो-कांद्याच्या गाड्या तासन् तास उभ्या राहतात. दूध संस्था आणि पतसंस्था गावोगाव आहेत. सहकारात राजकारण शिरते, संस्था बुडतात, हे सगळे खरे. प्राचीन श्रेणी काही देवदूतांच्या नव्हत्या, म्हणूनच तर अटी दगडावर कोराव्या लागल्या. तरीही या संस्थांकडे तीन गोष्टी एकत्र आहेत: जागा, कायम माणसे आणि वार्षिक सभेत उठून जाब विचारू शकणारे सभासद. पुण्या-मुंबईत बसलेल्या कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवण्यापेक्षा हा जाब जास्त लवकर पोचतो. अनुदान द्यायचेच असेल तर ते यंत्र बसवल्याबद्दल एकरकमी न देता यंत्र वर्षभर चालू ठेवल्याबद्दल द्यावे. गुंतवलेल्या रकमेच्या मासिक उत्पन्नातून खर्च भागवणाऱ्या जुन्नरच्या दात्यांना हे तत्त्व ठाऊक होते. आणि जोवर तसे होत नाही, तोवर गाडी घेणाऱ्याने कंपनीच्या माहितीपत्रकाआधी आपली डीपी, आपला फिडर आणि नेहमीच्या रस्त्यावरचा चार्जर कोण सांभाळतो, याची चौकशी करावी. त्याचे उत्तर समाधानकारक असेल तर विजेची गाडी इथल्या घाटांना चांगली मानवेल. नसेल, तर कितीही मोठी बॅटरी घेतली तरी मालक शिलेदारच राहील आणि पखालजीचे कामही त्यालाच करावे लागेल.