मिक्सिंगचे दप्तर

फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास रत्नागिरीच्या ग्रामदैवताची, श्रीदेव भैरीची, पालखी निघते, तेव्हा ढोलताशांच्या गजरात कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक इसम हटकून दिसतो. परंतु त्याने टिपून आणलेल्या चित्रांची जुळणी करणारा, धंद्यात ज्याच्या कामास ‘मिक्सिंग’ म्हणतात तो कारागीर, सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

व्हीएचएस कॅसेटच्या अमदानीत दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर एवढ्या सरंजामावर त्याचे काम चाले. वैशाखात चाकरमानी मुंबईहून गावी येत, लग्नांचे मुहूर्त एकमेकांस भिडत, आणि त्यांच्या कॅसेटी मृग लागल्यावर जुळविल्या जात. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरे, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याची सोय नव्हती. पुढे डिजिटल फीत आली आणि संगणकावर विंडोज एक्सपी, आणि जुळणीसाठी प्रीमियर किंवा जपानच्या कोबे शहरातील कॅनोपस कंपनीचे एडियस हे सॉफ्टवेअर, असा नवा संसार थाटला गेला.

या संसाराचा पाया मात्र परस्वाधीन होता. फितीवरचे चित्र संगणकात उतरविणाऱ्या कॅप्चर कार्डाचे ३२ बिटांसाठी लिहिलेले ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाहीत; त्यामुळे प्रीमियरने २०१० मध्ये आणि एडियसने २०१३ मध्ये केवळ ६४ बिटांचा मार्ग पत्करला, तेव्हा ज्याच्या कार्डाला नवा ड्रायव्हर मिळाला नाही, त्याचे महागामोलाचे, पूर्ण धडधाकट यंत्र एका रात्रीत निकामी ठरले. ॲपलचा फेरफार याहून कठोर होता: जून २०११ मध्ये आलेले त्याचे जुळणीचे सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आपल्याच पूर्वजाचे, सातव्या आवृत्तीचे, प्रोजेक्ट उघडीना, २०१७ च्या हाय सिएरावर ती सातवी आवृत्तीच सुरू होईना, आणि २०१९ च्या कॅटलिनाने तर ३२ बिटांच्या साऱ्याच कार्यक्रमांना रजा दिली.

तयार झालेली फिल्म यातून बहुधा वाचते, हे खरे; पण तेवढ्यावर समाधान मानणे मला मान्य नाही. नमन-खेळे या कोकणी लोकनाट्याचा रात्रभराचा प्रयोग तासाभरात बसविताना कोणती गवळण ठेवली, कोणते सोंग गाळले, मृदंगाचा आवाज कुठे चढविला, हा सारा निवाडा प्रोजेक्टच्या फाइलीत असतो, फिल्ममध्ये त्याचे केवळ फलित उरते. त्या खेळातले जाणते मागे राहिले नाहीत, की गाळलेल्या भागाची महती ठेवलेल्या भागाहून अधिक होते. मोडीचे रुमाल निदान मोडी शिकून वाचता येतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा त्या कागदांनी कोणत्याही यंत्राची परवानगी मागितली नव्हती. बंद पडलेल्या आवृत्तीचे प्रोजेक्ट मात्र आधी ती आवृत्ती मागते, ती आवृत्ती जुनी प्रणाली मागते, आणि ती प्रणाली त्या काळचे यंत्र मागते.

सुटकेची वाट अगदीच नव्हती असे नाही. फायनल कटच्या सातव्या आवृत्तीतून एक्सएमएल स्वरूपात जुळणीची नक्कल काढता येई, प्रीमियर ती वाचू शके, आणि २०१२ च्या प्रारंभी ती फायनल कट एक्समध्ये नेणारे ‘सेव्हनटूएक्स’ हे साधनही निघाले. परंतु नक्कल काढण्यासाठी मूळ आवृत्ती चालू असावी लागते, म्हणून हे काम प्रणाली बदलण्यापूर्वीच उरकणे भाग होते. ज्यांनी ते केले नाही, त्यांच्यासाठी इंटरनेटपासून तोडलेला एखादा जुना संगणक दुकानाच्या मागच्या खोलीत चालता ठेवणे एवढाच इलाज उरतो, आणि तोही त्याची हार्ड डिस्क खारट हवेत तग धरील तोवरच.