भोकांची कडी

लेथवाल्यानं जुन्या बुलेटचा क्रँक खोलला, तेव्हा क्रँकपिनवरून एक कडी सटकून त्याच्या हातात आली. रंग मळकट राखाडी, अंगावर ओळीनं भोकं. आमच्या तरुण मेकॅनिकला तिथं रोलर सापडायला हवे होते. तेल गाळायची जाळी असेल, असं एकजण म्हणाला; दुसऱ्याला तो कुणीतरी मागं केलेला जुगाड वाटला. ती भंगारात जायच्या आत मी रुमालात बांधून आण्णांकडे नेली.

आण्णा माझे चुलत आजोबा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांची बेअरिंग ओतण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी कडी बोटांत फिरवली, चाकूच्या टोकानं कडेला जरासं खरवडलं. आत रुपेरी चमक दिसली. "व्हाइट मेटल हाय. आतनं बी हाय, भाईरनं बी हाय. फ्लोटिंग बुश हाय रं ही, बिग एंडची!"

मग त्यांनी उलगडून सांगितलं. ही कडी पिनेला धरलेली नसते आणि कनेक्टिंग रॉडलाही नसते. दोघांच्या मधे तेलावर सुटी फिरते. पिनेपेक्षा ती सावकाश फिरते, म्हणून घर्षण आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही अंगांत वाटलं जातं. आतलं तेल बाहेर पोचावं, यासाठी ती भोकं.

व्हाइट मेटल म्हटल्यावर आण्णा रंगले. त्यात कथिल जास्त, जोडीला अँटिमनी आणि थोडं तांबं. रस तापला की त्यात लाकडाची काडी बुडवायची. ती करपून तपकिरी झाली तर ताप बरोबर; पेट घेतला तर रस जास्त तापला. ओतकाम निवलं की लेथवर घ्यायचं, मग नीळ लावून शाफ्ट फिरवायचा आणि जिथं नीळ उमटेल तिथंच स्क्रेपरनं खरवडायचं. हे सांगताना त्यांचा अंगठा कडीच्या आतून फिरत होता, कुठं झीज आहे ते चाचपत.

बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. भारतीय लष्करानं ती घेतली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. आधी तिकडून आलेले भाग जोडून गाडी व्हायची, पुढं भागही इथंच बनू लागले. ब्रिटनमधली बुलेट १९६२ मध्ये बंद पडली. मद्रासची चालू राहिली, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं ३४६ सीसीचं तेच इंजिन घेऊन. कडीही त्याच घराण्यातली.

घरातली मोठी माणसं बुलेट काढताना डिकॉम्प्रेसर दाबून आधी चार मोकळ्या किका मारत. मग अ‍ॅमीटरचा काटा मधे आणून एकच दणका. लहानपणी मला तो थाट वाटे. आण्णांमुळे कळलं, की त्या मोकळ्या किकांनी पंप फिरायचा आणि तेल कडीपर्यंत पोचायला सुरुवात व्हायची. गाडी सुरू झाल्यावर लगेच रेस न करण्याचंही कारण तेच.

पुढं पुष्कळ मेकॅनिकांनी कडी काढून रोलर बसवले. रोलरला थोडं तेल पुरतं, म्हणून ते सोयीचं. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण कडी कमकुवत होती, हे मला पटत नाही. तेलाचा पंप झिजला किंवा टायमिंग कव्हरमधलं कॉर्कचं सील गेलं, की तेल क्रँकपर्यंत पुरेसं पोचत नाही. कडी उपाशी मरते आणि खटखट ऐकू आली की दोष तिच्या माथी येतो.

म्हणून जुन्या बुलेटचं इंजिन खोलणाऱ्यांना विनंती आहे. अशी कडी निघाली तर फेकू नका. आधी पंप आणि कॉर्क तपासा, पिनेचं माप घ्या आणि गावात बेअरिंग ओतलेला एखादा म्हातारा मिस्त्री असेल, तर कडी त्याच्या हातात द्या.