एकदा सापडलेला बग पुन्हा अंतराळात भेटतो तेव्हा

आजची गोष्ट मे १९९९ ची. नासाचं 'डीप स्पेस १' हे यान पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर होतं. सिग्नल पोचायलाच काही मिनिटं लागायची. म्हणजे यानावर काही बिघडलं तर लगेच ब्रेक दाबायला कोणी नाही. म्हणून प्रयोग ठरला: थोड्या काळासाठी यानाचा ताबा एआयकडे द्यायचा. सॉफ्टवेअरचं नाव 'रिमोट एजंट'. भाषा लिस्प.

त्याचे तीन भाग होते. एक प्लॅन आखायचा, दुसरा तो राबवायचा आणि तिसरा, 'लिव्हिंगस्टोन', यानाची तब्येत बघायचा. कॅमेऱ्याचा स्विच अडकलाय असं मुद्दाम भासवलं, की लिव्हिंगस्टोनने ते ओळखायचं आणि प्लॅन आखणाऱ्या भागाने पुढचा प्लॅन बदलायचा.

१७ मे ला प्रयोग सुरू झाला. सगळं मस्त चाललं होतं. १८ मे ला प्लॅनप्रमाणे आयन इंजिन बंद व्हायला हवं होतं. ते झालंच नाही! यान ठणठणीत, पण एजंट गप्प.

कारण होतं रेस कंडिशन. समजा, तुम्ही फोन बघितला, मेसेज नाही. मग तुम्ही रिंग चालू करायला गेलात आणि नेमका त्या अर्ध्या सेकंदात मेसेज येऊन गेला. आता तुम्ही रिंगची वाट बघत बसलात, ती वाजणारच नाही. इथेही तसंच झालं. प्रोग्रॅमचे दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकले. हा डेडलॉक.

आता खरी मेख ऐका. १९९७ मध्येच नासाच्या एम्स केंद्रातल्या टीमने या सॉफ्टवेअरचा काही भाग 'स्पिन' नावाच्या टूलने तपासला होता. हे टूल थ्रेड्सच्या शक्य त्या सगळ्या क्रमांची गणिती तपासणी करतं. तेव्हा पाच चुका सापडल्या आणि त्यातली एक अगदी याच जातीची होती! ती दुरुस्तही झाली. पण तशीच चूक न तपासलेल्या दुसऱ्या भागात राहून गेली. जमिनीवरच्या टेस्टिंगमध्ये ती कधी दिसली नाही, कारण तो नेमका क्षण तिथे जुळलाच नाही.

टीमने कारण शोधलं. पुन्हा तसं होण्याची शक्यता कमी होती, म्हणून कोड न बदलता २१ मे ला उरलेला प्रयोग पार पाडला. सगळी उद्दिष्टं पूर्ण झाली.

मी स्वतः असा बग फिक्स करून तिकीट बंद केलंय आणि महिन्याभराने तोच बग शेजारच्या मॉड्यूलमध्ये बघून कपाळावर हात मारलाय. माझ्याकडे रीस्टार्टचं बटण होतं, एवढाच फरक. तेव्हापासून बग सापडला की एक प्रश्न स्वतःला विचारतो: हाच आणखी कुठे लपलाय?

आज आपण गाड्यांचा, ड्रोनचा ताबा एआयकडे देतोय. 'टेस्ट पास झाली' असं कोणी म्हणालं, की विचारा: कुठला भाग तपासायचा राहिलाय?

चला, भेटू पुढच्या भागात!